नवमीला झोपणाऱ्या कानशी

रिव्हॉल्वर माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी त्याला हात लावला नाही. हात पाठीमागं बांधून उभा राहिलो आणि आधी कागद मागितला. बहारीनमध्ये तुबलीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पंपांचे शाफ्ट येतात, बोटींचे गिअर येतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरची खुर्चीही आली होती. पण हत्यार कधी आलं नव्हतं. परक्या मुलखात रेसिडेंट कार्डावर जगणाऱ्या माणसाच्या टेबलावर रिव्हॉल्वर म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ते घेऊन आलेले गृहस्थ बुसैतीनचे. सत्तरी ओलांडलेले, स्वच्छ पांढऱ्या झग्यातले, सावकाश बोलणारे. वडिलांचा मुंबईशी लाकडाचा व्यापार होता म्हणून हिंदी अगदी सफाईदार. रिव्हॉल्वर त्या वडिलांचंच. कुणा इंग्रज साहेबानं मायदेशी परतताना त्यांना दिलेलं. म्हाताऱ्यांनी आता नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं होतं आणि दर शनिवारी याच रिव्हॉल्वरनं नेम धरायचा त्यांचा हट्ट होता. काचेच्या कपाटात मांडायची वस्तू त्यांना नको होती, चालणारी हवी होती.

कागद अरबीत होता. मला अरबी बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. म्हणून तो मी भाईंपुढं धरला.

भाई म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे. रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. मी इचलकरंजीहून इथं आलो त्या दिवसापासून आमची टेबलं शेजारी आहेत. ते मला मिस्त्री म्हणायचे, मी त्यांना भाई.

"सगळा बरोबर आहे," चष्मा वर सरकवत भाई म्हणाले. "लायसन आहे, क्लबाचा शिक्का आहे. हत्यार रात्री इथं ठेवायचा नाय, मालक रोज आणणार आनि रोज नेणार. आनि कामात काढलेला जुना भाग बाहेर जाता कामा नये. एकूनएक मोजून परत."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचला. तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. मोबाइलवर फोटो काढून तो मी सनाबिसला, मी राहतो तिथं, घराखालच्या टायपिंगवाल्याकडून वाचून घेतला. शब्दन् शब्द तोच निघाला. दुसऱ्या दिवशी भाईंना हे कळलं आणि ते हसले. मला ते हसणं आवडलं नाही.

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, तुम्ही देवाच्या आरतीतही कापूर खरा आहे का ते हुंगून बघता. यात खोटं काही नाही. तरुणपणी एका एजंटानं मला फसवलं होतं, व्हिसा म्हणून झेरॉक्स हातात दिली होती. तेव्हापासून मी ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पितो.

तर रिव्हॉल्वर. वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. मुठीवरची नक्षी अंगठ्याच्या जागी पार झिजलेली, नळीवरचा निळसर काळा रंग उडून खाली करडं पोलाद दिसत होतं. गंज वरवरचा होता, तो निघण्यासारखा होता. खरं दुखणं आत होतं. घोडा मागं ओढला की गोळ्यांच्या सहा घरांची चक्री एक घर पुढं फिरते आणि ते घर नळीच्या बरोबर समोर येऊन थांबायला हवं. इथं ते थांबत होतं, पण केसाएवढं अलीकडं. शोभेसाठी ठेवायचं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. दर शनिवारी चालवायचं म्हटल्यावर हा केसाएवढा फरक म्हातारबुवांच्या बोटांवर बेतला असता. चक्रीला पुढं ढकलणारी एक पोलादी पट्टी असते, बोटाच्या पेराएवढी. तिचं टोक झिजलं होतं. असली पट्टी आता बाजारात मिळत नाही, ती हातानंच घडवावी लागते. तेवढं काम माझ्या हातात आहे, हे मी नम्रपणा बाजूला ठेवून सांगतो.

आमच्या अरबाबनं, म्हणजे वर्कशॉपच्या बहारिनी मालकानं, त्याच दिवशी नवा नियम काढला. हे काम चालू आहे तोवर वर्कशॉपमधून स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा बाहेर जाणार नाही. एक वही ठेवली. रोज संध्याकाळी सगळे भाग पांढऱ्या फडक्यावर मांडायचे, म्हातारबुवांसमोर मोजायचे, मी सही करायची, मग ते पेटीला कुलूप लावून घेऊन जाणार. "एक पीस भी कम, तो पुलिस," अरबाब म्हणाला. "और जिसका गलती, उसका व्हिसा उसी दिन खलास."

व्हिसाचा विषय असाही हवेत होताच. काम कमी झालं होतं. दोन टेबलांच्या जागी एक टेबल पुरेल असं अरबाब फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं. भाईंनीही ऐकलं असणार. आम्ही दोघं त्यावर एक शब्द बोललो नव्हतो, आणि तेवीस वर्षं रोज एका डब्यातली भाजी दुसऱ्याच्या डब्यात टाकणारी माणसं ज्या गोष्टीवर बोलत नाहीत, तिथं नक्की पाणी मुरत असतं.

त्यात म्हातारबुवा रोज येऊन दिवसभर बसायचे. साखर न घातलेला चहा प्यायचे आणि माझ्या हातांकडं बघत राहायचे. मला वाटायचं, माझ्यावर पहारा करतात. मधूनच उठून भाईंच्या टेबलाशी जायचे आणि दोघं अरबीत हळू आवाजात बोलायचे. मी मान वर केली की बोलणं थांबायचं. एकदा भाईंनी माझ्याकडं बोट दाखवलेलं मी काचेत पाहिलं. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. दोनातलं एक टेबल जाणार असेल तर माझं जावं म्हणून हा माणूस बाहेरच्याचे कान भरतोय, असं मी धरून चाललो.

नवी पट्टी घडवायला मला आठवडा लागला. इचलकरंजीला ज्या वस्तादांकडं मी शिकलो त्यांची एक सवय माझ्या हाताला लागली आहे. नवा भाग घडवताना जुना भाग डब्यात ठेवायचा नाही, कानशींच्या गुंडाळीत, नेमक्या त्या कानशीच्या खिशात तिच्याशेजारी ठेवायचा. वस्ताद म्हणायचे, कानशीला जुन्याची संगत असली की ती नव्याला वाकडं घासत नाही. यात शास्त्र किती ते मला माहीत नाही. फायदा एवढाच, की हात दर वेळी कानशीबरोबर जुना भागही बाहेर काढतो आणि डोळा दोन्ही शेजारी बघतो. काजळी धरायची, पट्टी बसवायची, घोडा ओढायचा, काजळी कुठं पुसली ते बघायचं, कानशीचा एक हात मारायचा. असं दिवसातून शंभरदा.

पट्टी बसली ती अष्टमीला. चक्री फिरली आणि टक् करून जिथं थांबायची तिथंच थांबली. मला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. त्या संध्याकाळी म्हातारबुवांना दवाखान्यात जायची घाई होती. ते म्हणाले, तुम्हीच मोजा, माझा विश्वास आहे. मी मोजलं. फडक्यावरचे भाग मोजले, शेजारी उघड्या गुंडाळीतली जुनी पट्टी मोजली, सगळे पुरे, आणि सही केली. फडक्यावरचं सगळं पेटीत गेलं, कुलूप लागलं, पेटी गेली. मग मी गुंडाळी बांधली आणि डब्याच्या पिशवीत तळाशी घातली.

कारण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू लावतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. ज्याच्या जिवावर खातो त्याला वर्षातून एक दिवस झोपू द्यायचं. इचलकरंजीला त्या दिवशी पेठच्या पेठ गप्प असते. इथं वर्कशॉप चालूच राहतं, म्हणून मी दर वर्षी माझ्या बारीक कानशी आणि मायक्रोमीटर गुपचूप घरी नेतो, बायको पूजा मांडते. नियम नवा होता, पण तेवीस वर्षांची रीत मी अरबाबच्या एका वहीपायी मोडणार नव्हतो.

आणि दर नवमीला भाई माझ्या टेबलावर बसायचे. पहिल्या वर्षी मी कानस उचलत नाही हे बघून त्यांनी कारण विचारलं होतं, त्यानंतर कधी विचारावं लागलं नाही. सकाळी यायचे, स्वतःची हत्यारं माझ्या टेबलावर मांडायचे आणि म्हणायचे, "तुजी हत्यारां झोपली ना? मग तू पण झोप. मी बसतो." मी स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडत दिवस काढायचो. ईदला त्यांचं काम मी करायचो. हे अरबाबला कधी कळलं नाही.

त्या नवमीलाही भाई माझ्या जागी बसले. पेटी त्यांच्यासमोर उघडली, दिवसभर त्यांनी स्क्रूंची डोकी उजळली. संध्याकाळी म्हातारबुवांनी फडक्यावरचे भाग मोजले. परत मोजले. मग अरबाबला बोलावलं.

जुनी पट्टी नव्हती.

वहीत माझी सही होती. घरी बायको, गावाकडं मुलीचं शेवटचं वर्ष कॉलेजचं, आणि माझं कार्ड अरबाबच्या एका फोनवर अवलंबून. अरबाबनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या तोंडून जे निघालं ते असं:

"कल मैंने गिनके साइन किया, पूरा था. आज इस टेबल पे भाई था."

कुणी विचारलं नव्हतं. मीच सांगितलं. भाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, एखाद्याला आपलं नाव चुकीचं घेताना ऐकावं तसं. अरबाबनं त्यांना विचारलं, तू दुसऱ्याच्या टेबलावर का बसलास? भाई म्हणाले, "मिस्त्री का पीठ में दर्द था."

माझी पाठ ठणठणीत होती. मी मनात म्हटलं, बघा, किती सहज खोटं बोलतो हा माणूस. ते खोटं कुणाच्या पदरात पडत होतं याचा मी तेव्हा विचारच केला नाही. खरं कारण सांगितलं असतं तर माझी हत्यारं कुठं आहेत हा पुढचा प्रश्न आला असता.

अरबाबनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची मुदत दिली. त्यानंतर पोलिस.

घरी आल्यावर मी बायकोला भाईंबद्दल काय काय सांगितलं ते आता लिहीत नाही. ती ऐकून म्हणाली, "अहो, भाई असं करायचे नाहीत. तुमच्याच सामानात कुठं राहिलं असेल, बघा तरी."

"मांडलेली पूजा हलवायची नसते," मी म्हणालो. "आणि मी मोजून सही केली आहे."

दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून पाटाशी बसलो. अक्षता टाकल्या, एकेक कानस उचलून कपाळाला लावली, पुसून गुंडाळीत ठेवली. चौथ्या कानशीशेजारी झेंडूच्या पाकळ्या होत्या. पाकळ्यांखाली पट्टी होती. तिलाही हळद लावलेली, कुंकू लावलेलं, वर एक अक्षता.

"गुंडाळीतून तीही निघाली," बायको मागून म्हणाली. "एवढीशी आहे, पण म्हटलं एखादं पूजेवाचून राहायला नको."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण शाळेत आम्ही हसत हसत पाठ केली होती. त्या सकाळी मला हसू आलं नाही. पट्टी हरवली नव्हती हे खरं, पण ती वर्कशॉपबाहेर नेली होती ती मीच. हत्याराचा भाग, नियम मोडून, पिशवीच्या तळाशी लपवून. कुठल्या पोलिसाला मी खंडेनवमी समजावून सांगणार होतो?

सनाबिसहून तुबलीला जाणाऱ्या गाडीत मी एक गोष्ट ठरवली. ती लिहायला लाज वाटते, पण ती वगळली तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मी ठरवलं की पट्टी भाईंच्या टेबलाखाली टाकायची. भाग सापडेल, पोलिस येणार नाहीत. भाईंचा निष्काळजीपणा ठरेल, फार तर बोलणी खातील. त्यांनी नाही का माझ्याविरुद्ध कान भरले, असंही मी मनाला बजावलं.

वर्कशॉपमध्ये भाई एकटेच होते. मी त्यांच्या टेबलाजवळ गेलो, काही पडल्यासारखं करून वाकलो. भाईंनी माझं मनगट धरलं. मूठ उघडली. पट्टी तळहातावर होती. घाईत मी ती नीट पुसलीही नव्हती, खाचेत कुंकू तसंच होतं.

त्यांनी पट्टीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, टेबलाखालच्या जागेकडं बघितलं. सगळं त्यांना कळलं, आणि त्यांना कळलं हे मला कळलं. बाहेर म्हातारबुवांच्या गाडीचं दार वाजलं. भाईंनी पट्टी उचलली, अंगठा जिभेला लावून कुंकू पुसलं, बाहीनं कोरडी केली.

"पूजा नीट झाली ना?" त्यांनी हळूच विचारलं.

मी मान हलवली असावी. अरबाब आणि म्हातारबुवा आत आले तेव्हा भाई गुडघ्यावर होते, स्वतःच्या टेबलाखाली.

"मिल गया," ते उठत म्हणाले. "मेरे पास ही गिरा था. आँख गया मेरा, अरबाब. खलास."

मी तिथं उभा होतो. बोलायला दोन वाक्यं पुरली असती. मी बोललो नाही. त्या दिवशी भाईंना द्यायची आपट्याची पानं खिशात होती, दर वर्षीसारखी. ती संध्याकाळी तशीच घरी आली.

डोळे गेलेल्या कारागिराचा व्हिसा कोण वाढवतो? अरबाबला एक टेबल कमी करायचंच होतं, कारण आयतं मिळालं. तीन महिन्यांत भाई रत्नागिरीला गेले. जायच्या आधल्या दिवशी मी त्यांना सांगायला लागलो, भाई, त्या दिवशी मी, आणि त्यांनी हात वर केला. "जाऊं दे, मिस्त्री. माजी तशी पण साठी आली." मग स्वतःची कात्री मला देऊन गेले, पत्रा कापायची. ती मी अजून वापरलेली नाही.

रिव्हॉल्वर उत्तम चाललं. पुढं एकदा चक्री तपासायला म्हातारबुवांनी मला क्लबात बोलावलं. त्यांनी सहा गोळ्या झाडल्या, सावकाश, आणि सहाही कागदाच्या मधल्या वर्तुळाच्या आसपास लागल्या. मी कान झाकून मागं उभा होतो. नळी थंड झाल्यावर त्यांनी पेटी उघडली आणि जुनी पट्टी माझ्या हातावर ठेवली. खाचेच्या कोपऱ्यात, जिथं अंगठा पोचत नाही तिथं, लाल होतं.

"तुम्हारा त्योहार का रंग," ते म्हणाले.

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. ते म्हणाले, तुझ्या भाईनंच आधी सांगितलं होतं. एक दिवस मिस्त्री हत्यार धरत नाही, त्या दिवशी मी बसेन, तुम्ही रागावू नका, आणि अरबाबला सांगू नका. त्यासाठीच तर तो रोज माझ्याशी बोलत होता. म्हणत होता, या कामाला बहारीनमध्ये हाच एक हात आहे.

"फिर उस दिन आप बोले क्यों नहीं?"

"वो बोला मेरे पास गिरा था," म्हातारबुवा म्हणाले. "मैं उसको झूठा कैसे बोलता? बोलने का तो तुमको था."

मी आता कुणावर संशय घेत नाही असं म्हणणार नाही. घेतो. पण रोजचा पहिला संशय स्वतःवर घेतो, आणि बहुतेक वेळा तो खरा निघतो.

यंदाच्या नवमीला कानशी घरी नेल्या नाहीत. शेजारचं टेबल रिकामं आहे, त्यावर अरबाब रंगाचे डबे ठेवतो. सकाळीच एका पंपाचा शाफ्ट आला, तातडीचा, आणि माझ्या जागी बसायला कुणी नव्हतं. मी कानस उचलली. दोन हात मारले असतील तोच फोन वाजला. रत्नागिरीहून भाई होते.

"काय मिस्त्री, तुजी हत्यारां झोपली ना?"

"झोपली, भाई," मी म्हणालो, आणि हातातली कानस आवाज होणार नाही अशी टेबलावर ठेवली.